ठरवलेलं फिसकटलं तेव्हा घेतलेली प्रार्थना डायरी (४ स्टार)

प्रार्थना डायऱ्या ढिगाने मिळतात, बहुतेकांत फुलापानांची बॉर्डर, एक गोड वचन आणि खाली चार रेघा, संपलं. ही तशी नाहीये म्हणून जरा सविस्तर लिहितेय. हिचा विषय एकच, आपण ठरवलेलं घडलं नाही तर देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं करायचं काय. मी घेतली तेव्हा माझी नवी नोकरी जॉइन व्हायच्या आधीच रद्द झाली होती, जुन्या ठिकाणी राजीनामा देऊन झालेला, आणि भेटेल तो म्हणायचा की यात देवाची काहीतरी चांगली योजना असणार. असणारच, माझा विश्वास आहे, पण ते वाक्य आलं की पुढे बोलायलाच काही उरत नाही. इथे बोलता येतं.

डाव्या पानावर वर ‘मी काय ठरवलं होतं’ आणि खाली ‘काय झालं’, बस एवढंच. उजवीकडे बायबलमधला एक उतारा आणि बाकी जवळजवळ अख्खं पान प्रार्थनेसाठी कोरं. तारखा छापलेल्या नाहीत त्यामुळे मध्ये दिवस सुटले तरी आपण मागे पडलो असं वाटत नाही, आणि अशा काळात दिवस सुटतातच. प्रत्येक भागाच्या शेवटी एक पान ‘नंतर भरा’ म्हणून ठेवलंय आणि तिथे बारीक अक्षरात लिहिलंय की घाई करू नका, रिकामं राहिलं तरी चालेल. माझी त्यातली काही पानं अजून रिकामीच आहेत.

उतारे ज्याने कोणी निवडलेत त्याने खरंच विचार केलाय. सुरुवातच स्तोत्र १३ ने होते (स्तोत्रं म्हणजे बायबलमधली प्रार्थनागीतं), त्यात पहिल्या दोन वचनांत दावीद राजा देवाला चार वेळा विचारतो की अजून कुठवर, आणि तरी शेवटी त्याच देवाच्या दयेवर टेकतो. पुढे स्तोत्र ८८ पण घेतलंय, जे शेवटपर्यंत अंधारातच राहतं, ते सहसा कोणी अशा डायरीत घालत नाही. मला त्याने धीर आला, देवाला इतकं उघड बोललेलं चालतं, ते पवित्र शास्त्रातच ठेवलंय म्हटल्यावर.

योसेफाचा भाग सगळ्यात जास्त वेळ घेऊन केला. सतरा वर्षांचा होता तेव्हा त्याची गोष्ट सुरू होते, भाऊ विकून टाकतात, आणि फारोपुढे, म्हणजे मिसरच्या राजापुढे, उभा राहतो तेव्हा तीस वर्षांचा. मधलं आपण पटकन वाचून टाकतो, पण डायरी तिथेच थांबवते, तुरुंगात त्याने राजाच्या प्यालेबरदाराला, म्हणजे पेय देणाऱ्या सेवकाला, सांगितलेलं की माझी आठवण ठेव, तो सुटला आणि विसरला, पुढे अजून दोन वर्षं काहीच नाही. त्या दोन वर्षांसाठी एक कोरं पान दिलंय, प्रश्न वगैरे काही नाही. मी त्या पानावर माझ्या न आलेल्या फोनबद्दल लिहिलं, आणि लिहिता लिहिताच कळलं की आपली प्रार्थना अजून ‘ती नोकरी परत दे’ इथेच अडकलीये. नंतरच्या पानांवर हळूहळू ‘तू सोबत राहा’ असं लिहायला लागले. नोकरी अजून नाही, हे पण सांगून ठेवते.

येशूची सुवार्ता सांगत फिरणाऱ्या पौलाचं पण छान घेतलंय, त्याला बिथुनियाला जायचं होतं, देवाच्या आत्म्याने जाऊ दिलं नाही, तो त्रोवसला गेला आणि तिथून मासेदोनियाला, म्हणून तर तिथल्या फिलिप्पै शहरात त्याचं ऐकून विश्वास ठेवणारी लुदिया भेटली. पण त्याच फिलिप्पैमध्ये फटके आणि तुरुंगही होता, ते डायरीने लपवलेलं नाही.

एक स्टार कापला तो यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या २९:११ या वचनासाठी. भविष्य आणि आशा देणारं वचन, रंगीत पानभर मोठ्या अक्षरात, एकटंच. अहो, त्याच्या आधीचं १० वं वचन छापायलाच हवं होतं! हे वचन ज्या पत्रात आहे ते यिर्मयाने बाबेलला (बॅबिलोनला) बंदिवासात नेलेल्या लोकांना लिहिलेलं होतं आणि देव स्पष्ट सांगतो की सत्तर वर्षं झाल्यावर परत आणीन, तोवर तिथेच घरं बांधा, बागा लावा, त्या शहरासाठी प्रार्थना करा. ज्यांनी ते ऐकलं त्यातल्या कितीतरी जणांना परतीचा दिवस दिसलाच नसणार. हे माहीत असलं की वचन जास्त खोल जातं, आणि पुढच्या महिन्यात सगळं ठीक होईल असा अर्थ काढून कोणी मोडून पडत नाही. बाकी इतकी प्रामाणिक असलेली डायरी इथेच का घाबरली कळत नाही.

रोज ‘आभाराच्या तीन गोष्टी’ हा चौकोन पण थोडा जबरदस्तीचा वाटतो, मी कधी एकच लिहिली, कधी सोडून दिला.

बायंडिंग चांगलंय, पान सपाट उघडं राहतं, पण कागद पातळ आहे, जेल पेनची शाई मागे उमटते, साधं बॉलपेन वापरा. कोणाला गिफ्ट द्यायची असेल तर ज्याचं काल-परवाच काही मोडलंय त्याला लगेच देऊ नका, आधी जाऊन बसा त्याच्याजवळ, डायरी थोड्या दिवसांनी द्या. आणि छापणाऱ्यांनो, पुढच्या आवृत्तीत ते १० वं वचन घाला प्लीज, मी परत घेईन.