वासरांचे जीवनसत्त्वांचे औषध: उन्हाळ्यापासून चतुर्थीपर्यंतचा अनुभव

मापाचे झाकण बदलून देण्यास कंपनीच्या ग्राहक सेवेने दुसऱ्यांदा टाळाटाळ केली, म्हणून हे लिहीत आहे. अ, ड३ आणि ई जीवनसत्त्वांचे हे औषध गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील आमच्या गोठ्यात उन्हाळ्यापासून वापरात आहे. औषध तेलकट असल्यामुळे त्यातला बराचसा भाग झाकणालाच चिकटून राहतो, आणि झाकणावरील रेघा पंधरा दिवसांत पुसल्या जातात. दुकानदार म्हणतो, अंदाजाने पाजा. परंतु अ आणि ड ही जीवनसत्त्वे शरीरात साठून राहतात. अ चा अतिरेक झाला तर वासराच्या हाडांची वाढ बिघडते आणि ई चे शोषणही घटते. ज्या औषधात मात्रा इतकी महत्त्वाची, त्याचे माप असे असणे मला अक्षम्य वाटते. शेवटी औषधांच्या दुकानातून बिनसुईची सिरिंज आणली. एवढ्या किमतीच्या बाटलीसोबत ती कंपनीनेच द्यायला हवी होती.

औषधाच्या गुणाबद्दल मात्र तक्रार नाही. गाभण गाईच्या वारेतून वासराला प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी प्रथिने, मिळत नाहीत, अ आणि ई सुद्धा फारच थोडे उतरतात. हा सारा पहिला साठा चिकातून, म्हणजे व्याल्यानंतरच्या पहिल्या दुधातून येतो. जंतूंना गिळणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी त्यांना मारण्यासाठी जी तीव्र रसायने तयार करतात, त्यांची झळ त्या पेशींच्या स्वतःच्या आवरणालाही बसते, आणि ते आवरण ई जीवनसत्त्व जपते. अ कमी पडले तर आतड्याचे अस्तर दुबळे होते व लिम्फोसाइट या रोगप्रतिकारक पेशींचे कामही मंदावते. ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते ते कॅरोटीन सुक्या भातगवतात जवळजवळ उरत नाही, त्यामुळे उन्हाळाभर त्यावरच राहिलेल्या गाईंच्या चिकात या जीवनसत्त्वांची उणीव असते. मे महिन्यातल्या आमच्या वासरांना पहिल्या पावसातली हगवण यंदा सौम्य झाली, तेव्हा पैसे वसूल झाले असे मी मानले.

श्रावणात ते मत पालटले. हिरव्या चाऱ्यावरच्या गाईंची वासरे औषधाशिवायच तरतरीत निघाली, कारण त्यांना जन्मल्यावर दोन तासांच्या आत पोटभर चीक मिळाला होता. प्रतिपिंडे शोषण्याची आतड्याची क्षमता पहिल्या सहा तासांनंतर झपाट्याने घटते आणि साधारण २४ तासांत संपते. ती वेळ हुकली तर कोणतीही बाटली ती भरून काढत नाही, आणि वेष्टणावर याचा एका शब्दानेही उल्लेख नाही.

त्यामुळे पुढची खरेदी फक्त फेब्रुवारी ते मे या काळात व्यायणाऱ्या गाईंच्या वासरांपुरती, आणि तीही पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांकडून वजनानुसार मात्रा लिहून घेऊनच करणार आहे.