गेम थिअरी घरी बसून शिकायची : येलची व्याख्यानं, कोर्सेरा की पाठ्यपुस्तक?

गेम थिअरी म्हणजे समोरचा काय करेल हे धरून आपला डाव ठरवण्याचं शास्त्र. ते शिकवणारं जवळपास कुणी नसेल, तर कोण सोपं करून सांगतं यापेक्षा आपली चूक कोण पकडणार हे आधी बघा. या विषयात ऐकताना सगळं पटतं, वही उघडली की गाडं अडतं.

साधं उदाहरण घ्या. परभणीकडच्या दोन शेजाऱ्यांच्या बोअरला एकाच थराचं पाणी आहे. दोघंही २०० फुटांवर थांबले तर दोघांचा फायदा ६-६. एकट्यानंच ४०० फूट नेलं तर त्याला ८, थांबलेल्याला २. दोघांनी नेलं तर खर्च दुप्पट, पाणी तेवढंच : ३-३. नवशिके इथं स्वतःच्या ८ ची तुलना शेजाऱ्याच्या २ शी करतात. तुलना करायची ती आपल्याच आकड्यांची, शेजाऱ्याचा डाव धरून ठेवून : तो थांबला तर ८ विरुद्ध ६, त्यानं खोल नेलं तर ३ विरुद्ध २. दोन्ही वेळा खोल नेणंच वरचढ, म्हणून दोघं ३-३ वर येऊन अडकतात.

येल विद्यापीठाची बेन पोलॅक यांची २००७ ची २४ व्याख्यानं फुकट आहेत. प्रत्येक साधारण सव्वा तासाचं, म्हणजे एकूण ३० तास. वर्गातल्या मुलांना आधी खेळ खेळायला लावून मग फळ्यावर सिद्धांत मांडतात, त्यामुळे पाया पक्का होतो. बारावीचं डेरिव्हेटिव्ह आठवत असेल तर पुरतं. बोलणं भराभर वाटलं तर लिखित प्रतही मिळते. गृहपाठ उत्तरांसह आहे, आणि घात तिथंच होतो : दहा मिनिटांत जमलं नाही की माणूस उत्तर उघडतो. निदान अर्धा तास झटल्याशिवाय ते उघडू नका.

कोर्सेरा या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरचा स्टॅनफर्ड आणि ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठांचा कोर्स छोट्या व्हिडिओंचा आहे. प्रश्नमंजुषा चूक लगेच दाखवते, हा त्याचा मोठा गुण. पण संचांची चिन्हं, सिग्मा, संभाव्यता पहिल्या आठवड्यापासून येतात, आणि बहुपर्यायी प्रश्न अंदाजानंही सुटतात. फुकट काय आणि पैसे भरून काय, हे नोंदणी करतानाच तपासा.

पाठ्यपुस्तक सगळ्यांत संथ, पण हात त्यावरच बसतो. घेण्याआधी मिश्र डावांचं (कधी ही चाल, कधी ती, ठरावीक प्रमाणात) प्रकरण उघडा. किमान १०-१५ उदाहरणं आणि त्यातल्या निम्म्यांची तरी उत्तरं नसतील, तर एकट्यानं शिकणाऱ्यानं ते घेऊ नये.

कारण बहुतेकांचं घोडं मिश्र डावातच अडतं. कबड्डीतला चढाईपटू डावीकडे जाईल किंवा उजवीकडे. बचावही एकच बाजू आवळेल. चढाईपटू डावीकडे गेला आणि बचावही डावीकडेच असला, तर यशाची शक्यता ३० टक्के. बचाव उजवीकडे असला तर ८०. उजवीकडे गेला तर बचाव डावीकडे असताना ९०, उजवीकडे असताना ४०. चढाईपटूच्या दोन्ही चालींचं यश सारखं धरून समीकरण मांडलं की ०.४ येतं, आणि विद्यार्थी ते चढाईपटूच्या नावावर लिहितो. ते बचावाचं उत्तर आहे : बचावानं १०० पैकी ४० वेळा डावीकडे असावं. चढाईपटूचं प्रमाण बचावाच्या दोन बाजू सारख्या करून काढायचं, ते ०.५ येतं. पडताळा असा : दोन्हीकडून यश ६० टक्केच निघालं पाहिजे. ही अदलाबदल व्याख्यान ऐकताना कळल्यासारखी वाटते, पण पाचेक उदाहरणं स्वतः सोडवल्याशिवाय पक्की होत नाही.

निवड अशी. कॉलेजात गणित झालेलं असेल तर थेट कोर्सेरा. यूजीसी नेटचं अर्थशास्त्र डोळ्यांसमोर असेल तर पाठ्यपुस्तक मुख्य धरा. अभ्यासक्रमात असहकारी खेळ (जिथं प्रत्येक जण आपापला डाव स्वतंत्र ठरवतो) आहेत, त्यामुळे कोर्सेरातला युतीच्या खेळांचा (जिथं गट करून खेळतात) भाग सोडला तरी चालेल. बाकी सगळ्यांना येलच बरं : आठवड्याला तीन व्याख्यानं, आठ आठवडे, आणि प्रत्येक व्याख्यानामागे पुस्तकातली चार उदाहरणं. मोबाइलचा डेटा जपायचा असेल तर वायफाय मिळेल तेव्हा आठवड्याची तिन्ही व्याख्यानं उतरवून ठेवा. फक्त फळ्यावरचे आकडे वाचता येतील इतकं चित्र स्पष्ट ठेवा, कारण नुसत्या आवाजावर कोष्टकं कळत नाहीत.