सँ-ज्युलियाँ 2005, बारा बाटल्यांची पेटी: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

फ्रान्सच्या बोर्दोमधल्या मेदोक भागातलं सँ-ज्युलियाँ गाव, 2005 चं पीक, लाल वाइनच्या बारा बाटल्यांची मूळ लाकडी पेटी. शातो, म्हणजे वाइन बनवणारा मळा, 1855 च्या वर्गीकरणातला (बोर्दोच्या नामांकित मळ्यांच्या जुन्या प्रतवारीतला) आहे. त्याचं नाव लिहिलेलं नाही, कारण खाली दोन बाटल्यांच्या दोषांबद्दल लिहिलंय आणि त्या दोषांचं खापर मळ्यावर फुटू नये. चौदा महिन्यांत आठ बाटल्या उघडल्या, चार अजून कॅबिनेटमध्ये, म्हणजे वाइन ठेवायच्या थंड कपाटात, आडव्या आहेत.

वाइन कशी आहे एवढंच हवं असेल तर: उत्तम आहे, आज पिण्याजोगी आहे आणि उरलेल्या बाटल्यांची घाई नाही. पण आठ बाटल्यांनंतर ठामपणे सांगता येतं ते वेगळंच. चौदा महिन्यांत वाइन बदलली नाही म्हटलं तरी चालेल. बाटली-बाटलीत जो फरक पडला तो बुचामुळे, पेटी आपल्याकडे येण्याआधीच्या साठवणीमुळे आणि बाटली उघडण्याच्या दिवशी आपण काय केलं त्यामुळे.

थोडं 2005 बद्दल. ते वर्ष बोर्दोत कोरडं आणि उबदार गेलं. पाणी कमी मिळालं की द्राक्षाचे मणी लहान राहतात, रसाच्या मानाने सालीचं प्रमाण वाढतं आणि टॅनिन (तोंड कोरडं करणारा तुरट घटक) व रंग दोन्ही भरपूर उतरतात. सँ-ज्युलियाँत उत्तरेला पोइयाक आणि दक्षिणेकडे मार्गो यांच्यामधला जिरोंद खाडीकाठचा गोट्यांचा पट्टा आहे. गोट्यांतून पाणी झटकन निचरतं, दिवसाची ऊब टिकते आणि काबेर्ने सोव्हिन्यों हे उशिरा पिकणारं काळं द्राक्ष नीट पिकतं. नदी दिसते तो मळा चांगला, असं मेदोकमध्ये म्हणतात ते याच कारणाने. अशा वर्षातली काबेर्नेप्रधान वाइन दहाव्या वर्षी उघडली तर तोंडाला कोरड पाडते. आता तसं होत नाही.

पेटी आल्यावर काय तपासलं

पेटी फ्रान्समधल्याच एका जुन्या वाइनच्या विक्रेत्याकडून घेतली. पहिल्याच दिवशी बाराही बाटल्या बाहेर काढून उजेडात धरल्या. तीन गोष्टी पाहायच्या.

पहिली, वाइनची पातळी. बोर्दोच्या बाटलीला खांदा असतो. वीस वर्षांच्या आसपासच्या बाटलीत वाइन गळ्यात, फार तर गळ्याच्या तळाशी हवी. अकरा बाटल्या तशा होत्या. एकीत पातळी खांद्याच्या वरच्या कडेला होती. चाळीस वर्षांच्या बाटलीत हे सहज चालून जातं, या वयाला मात्र बाकीच्या खुणाही पाहाव्यात.

दुसरी, बुचावरची टोपी. दोन बोटांत धरून हलकेच फिरवा. सुटी फिरली तर बहुधा आत पाझर नाही. अकरा बाटल्यांच्या टोप्या फिरल्या, खाली पातळी असलेल्या बाटलीची चिकटून बसली होती आणि कडेला वाळलेल्या वाइनचा काळपट ओघळ होता. (काही टोप्या मुळातच घट्ट बसवलेल्या असतात, त्यामुळे एवढ्यावरून निकाल देऊ नये. दोन्ही खुणा एकत्र दिसल्या तरच संशय धरावा.)

तिसरी, बूच बाटलीच्या ओठापेक्षा वर आलंय का. बाटली तापली की आतली वाइन फुगते आणि बूच रेटते. थंड झाली की आकसते आणि त्याच वाटेने हवा आत ओढते. एका उन्हाळ्यात हे दहा-वीस वेळा झालं की बाटली गेली. म्हणूनच स्थिर 15 अंश हे 10 आणि 18 मध्ये हेलकावे खाणाऱ्या तापमानापेक्षा बरं.

लेबलवरच्या बुरशीच्या डागांना घाबरू नका. ते दमट तळघराचं लक्षण आहे आणि दमटपणा बुचाला मानवतो. स्वच्छ, कोरं करकरीत लेबल आणि खाली गेलेली पातळी, ही जोडी जास्त वाईट.

कॅबिनेट

दक्षिण फ्रान्समधल्या फ्लॅटला तळघर नाही आणि उन्हाळ्यात खोलीचं तापमान 30 च्या वर जातं, म्हणून कॉम्प्रेसरवर चालणारं पन्नास बाटल्यांचं कॅबिनेट. कॉम्प्रेसर नसलेली, थर्मोइलेक्ट्रिक पद्धतीची छोटी कॅबिनेटं आवाज करत नाहीत, पण खोलीच्या तापमानाच्या ठरावीक अंशच खाली जाऊ शकतात. महिना-दोन महिन्यांची सोय म्हणून ठीक, वर्षानुवर्षं ठेवायच्या बाटल्यांसाठी नाहीत.

दारावरचा आकडा म्हणजे आतल्या वाइनचं तापमान नव्हे. हे तपासायची सोपी रीत: रिकाम्या वाइनच्या बाटलीत पाणी भरा, त्यात तारेचा थर्मामीटर सोडा आणि चोवीस तास मधल्या फळीवर ठेवा. दारावर 12 होतं तेव्हा मधल्या फळीवर 13.4, सगळ्यात वर 14.6 आणि तळाला 12.1 मिळालं. दोन-अडीच अंशांचा हा फरक दोष नाही, थंड हवा खाली बसणारच. जास्त काळ ठेवायच्या चार बाटल्या तळाला हलवल्या, महिन्याभरात प्यायच्या वर ठेवल्या.

आर्द्रता ही या कॅबिनेटची कमजोर बाजू. यंत्र हवेतलं पाणी गारठलेल्या पत्र्यावर गोळा करून मागे सोडतं, त्यामुळे हिवाळ्यात आकडा 48 टक्क्यांपर्यंत उतरला. 60 ते 75 टक्के हवेत. पाण्याची उथळ थाळी आणि तीत कुंडीत घालतात तसले भाजक्या मातीचे गोळे ठेवल्यावर आठवड्याभरात 63 वर आला. थाळीतलं पाणी दर तीन आठवड्यांनी बदलावं लागतं, नाहीतर कुबट वास धरतो. तोच वास फळ्यांच्या लाकडात मुरला की जाता जात नाही.

मागे भिंतीपासून दहा सेंटिमीटर जागा सोडा आणि मागच्या जाळीवरची धूळ सहा महिन्यांनी ब्रशने काढा. नवव्या महिन्यात कॉम्प्रेसर जवळजवळ न थांबता चालू लागला होता. जाळी झाडल्यावर पूर्ववत झाला.

पुण्या-मुंबईत असं कॅबिनेट घ्यायचं असेल तर माहितीपत्रकावर 'क्लायमेट क्लास' बघा. एन म्हणजे खोलीचं तापमान 16 ते 32 अंश, एसटी म्हणजे 38 पर्यंत, टी म्हणजे 43 पर्यंत. एन वर्गाचं यंत्र एप्रिल-मेमध्ये दमून जाईल. वीज दोन-चार तास गेली तर काळजी नको. भरलेलं कॅबिनेट आपलं तापमान सावकाश सोडतं, फक्त दार उघडू नका.

उघडण्याआधी दोन दिवस

या वाइनचा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच, आणि घाईत नेमका तोच सुटतो. इतक्या वर्षांत टॅनिन आणि रंगद्रव्यं एकमेकांना चिकटून जड होतात आणि गाळ म्हणून खाली बसतात. बाटली आडवी असते तेव्हा तो गाळ कुशीवर पट्ट्यासारखा असतो. म्हणून किमान 48 तास आधी बाटली उभी करा. तीही अशी, की बाहेर काढताना फिरणार नाही. तिसरी बाटली उभी केल्यावर जेमतेम चार तासांत उघडली. शेवटचे तीन पेले धुरकट, जिभेवर बारीक वाळू आणि शेवटाला कडसर. चौथी बाटली तीन दिवस उभी होती. तळाला बोटभर सोडून बाकी सगळी स्वच्छ मिळाली. वाइन तीच, पेटी तीच.

बूच

वीस वर्षांचं बूच खालच्या टोकाला मऊ आणि वर कोरडं असतं. साध्या स्क्रूने ते मध्येच तुटतं. पहिल्या बाटलीत अर्धं बूच गळ्यात राहिलं. त्यानंतर दोन पात्यांचं ओपनर वापरलं: लांब पातं आधी बूच आणि काच यांच्यामध्ये सरकवायचं, मग आखूड. दोन्ही पाती आळीपाळीने, डावीकडे-उजवीकडे डोलवत खाली न्यायची, कधीही सरळ दाबायची नाहीत. दाबलं की बूच आत जातं. पाती पूर्ण बसली की फिरवत फिरवत वर ओढायचं. एक मिनिट लागतं. सात बुचं अशी अखंड निघाली.

टोपी गळ्याच्या खालच्या कंगोऱ्याखाली कापा, म्हणजे ओतताना गळ्यातून वाइन स्पष्ट दिसते. बुचाच्या डोक्यावरची काळी बुरशी ओल्या फडक्याने पुसा आणि बूच काढल्यावर ओठाची आतली कड पुन्हा एकदा पुसा.

ओतणं आणि हवा

गळ्यामागे मोबाइलचा टॉर्च उभा ठेवा. बाटली एकाच हालचालीत, न थांबता, बारीक धारेने काचेच्या चंबूत (डिकँटरमध्ये) ओता. मध्ये थांबून बाटली सरळ केली की गाळ उसळतो. शेवटाला खांद्यापाशी आधी धुरासारखी एक रेघ येते आणि तिच्यामागून काळपट कण. रेघ दिसली की थांबायचं. 750 मिलिलिटरपैकी 40 ते 60 मिलिलिटर सोडून द्यावे लागतात. चहाच्या गाळणीने बुचाचे तुकडे अडतात, पण बारीक गाळ सहज निसटतो.

आता हवेचा प्रश्न. जुनी वाइन तासन् तास चंबूत ठेवावी असा सल्ला सर्रास मिळतो. या पेटीपुरता तो चुकीचा ठरला. पाचव्या बाटलीला चंबूत चार तास दिले. चौथ्या तासाला देवदाराचा वास जवळपास गेला होता आणि आंबटपणा पुढे आला होता. सहावी 40 मिनिटं ठेवली आणि पुढचे दोन तास पेल्यात फुलत राहिली. सगळ्यात चांगला वेळ ओतल्यापासून एक ते अडीच तासांचा मिळाला. उघडल्याबरोबर एक घोट घेऊन ठरवा. वास बंद आणि टॅनिन आखडलेलं वाटलं तर तासभर चंबूत, वास आधीच मोकळा असेल तर चंबू फक्त गाळापुरता.

कॅबिनेटमधून काढलेली बाटली 22 अंशांच्या खोलीत तास-दीड तासात 16 च्या आसपास येते. 17 ला ती सगळ्यात बोलकी होती. 20 च्या पुढे अल्कोहोलचा चटका नाकाला जाणवतो. पेला मोठ्या पोटाचा, तोंडाशी निमुळता. ओतायची 90 मिलिलिटरच.

चव

पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरला की मध्ये गडद माणकाचा रंग आणि कडेला विटकरी झाक. कड पूर्ण तपकिरी झालेली नाही, म्हणजे अजून दम आहे.

न हलवता नाकाशी धरलं की आधी देवदाराची फळी, सिगारच्या डब्याचा कोरडा वास आणि पेन्सिल सोलताना येतो तसा शिशाचा. हलवल्यावर वाळलेलं मनुकं नव्हे, ताजं, आंबट काळं फळ, म्हणजे ब्लॅककरंट, फ्रेंच ज्याला कासीस म्हणतात ते. तासाभराने ओल्या पानांचा, पावसानंतरच्या मातीचा आणि किंचित अळंबीचा वास वर येतो. चामड्याचा अगदी पुसट.

तोंडात पहिल्या क्षणी फळ, मग आंबटपणाची सरळ रेघ, मग टॅनिन. टॅनिन हिरड्यांवर बसतं पण ओरबाडत नाही, चहाच्या साईइतकं मऊ. गिळल्यानंतर चव तीस-चाळीस सेकंद रेंगाळते आणि शेवटाला पुन्हा देवदार. शांत, मोजून-मापून बोलणारी वाइन आहे. पहिल्या घोटात भारावून टाकणारी हवी असेल तर पैसे दुसरीकडे खर्च करा.

दोन फसलेल्या बाटल्या

खाली पातळीची, पाझरलेली बाटली दुसरी म्हणून लगेच उघडली. अशी बाटली ठेवून सुधारत नाही. मुरंब्याचा आणि शिजवलेल्या प्लमचा वास, मध्यभाग पोकळ, शेवट कडवट. उकाड्यात राहिल्याची खूण. बाकीच्या अकरांवर पाझराची खूण नव्हती, त्यामुळे ही बाटली नंतर कुठूनतरी पेटीत बदलून ठेवली असावी असा माझा समज आहे. विक्रेत्याने फोटो पाहून पैसे परत केले. म्हणून आल्या दिवशीच फोटो काढा. महिन्यानंतर कोणी ऐकत नाही.

सातवी बुचाने मारली. ओला पुठ्ठा, बंद राहिलेल्या खोलीतली जुनी वर्तमानपत्रं. हा ट्रायक्लोरोअॅनिसोल, म्हणजे टीसीए; बुचात बुरशीमुळे तयार होतो आणि लिटरला काही नॅनोग्रॅम इतका असला तरी नाकाला कळतो. प्यायल्याने अपाय नाही, पण फळ पूर्ण मरतं. हवा देऊन तो जात नाही, उलट वाढल्यासारखा वाटतो. पातळी, टोपी, लेबल सगळं उत्तम होतं; हा दोष बाहेरून ओळखायचा काही मार्ग नाही. पाहुणे असतील तेव्हा दुसरी बाटली उभी करून ठेवा ती याचसाठी.

जेवण

मेदोकमध्ये याच्यासोबत पोइयाकचं कोकरू देतात, भाजलेलं, वर मीठ आणि लसूण एवढंच. मिरची आणि गरम मसाल्यापुढे जुन्या वाइनचे नाजूक वास टिकत नाहीत, टॅनिनही तिखटाने बोचरं होतं. मराठी घरात जोडी लावायचीच तर मटणाचं अळणी आणि तुपावर परतलेले तुकडे. तांबडा रस्सा नको. चीज जुनं, घट्ट. मऊ आणि उग्र वासाचं चीज हिला झाकून टाकतं.

सुट्टीला भारतात येताना एखादी बाटली बॅगेतून आणणार असाल तर हिवाळ्यात आणा आणि प्रवासानंतर दोन-तीन आठवडे थंड जागी पडू द्या. ढवळलेला गाळ दोन दिवसांत बसत नाही. आणि ती शोकेसमध्ये ट्यूबलाइटखाली उभी ठेवू नका. नाशिकच्या बहुतेक वाइन्स वर्ष-दोन वर्षांत प्यायच्या असतात, त्यांना शोकेसमधले चार महिने तुलनेने कमी बाधतात. वीस वर्षांच्या बाटलीचा मे महिन्यात तेवढ्यात निकाल लागतो.

बाटली दोघांत संपणार नसेल तर चंबूत ओतण्याआधीच धुतलेली, पूर्ण वाळलेली 375 मिलिलिटरची रिकामी बाटली काठोकाठ भरून घ्या आणि बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा. आत हवेला जागा उरली नाही तर दुसऱ्या संध्याकाळीही देवदार आणि कासीस दोन्ही जागेवर असतात. तिसऱ्या दिवशी फक्त आंबटपणा उरतो.