मागचा ब्रेक: रिमचा की डिस्कचा?

पुतण्या ट्रायल्सची, म्हणजे पाय न टेकता दगडधोंड्यांवरून उड्या मारायच्या खेळाची, सायकल जुळवतोय. पुढे डिस्क (चाकाच्या मध्याशी बसवलेली चकती दाबणारा ब्रेक) ठरली, मागच्या ब्रेकवर गाडी अडली: "काका, हायड्रॉलिक रिम ब्रेक घेऊ की डिस्क?"

पकड पाहशील तर रिम ब्रेकच, म्हणजे तेलाच्या दाबाने चाकाच्या रिमवरच पॅड दाबणारा. रिमची पॅड टेकतात ती बाजू ग्राइंडरने खरवडली की पॅड असे चावतात, दगडाच्या टोकावर नुसत्या मागच्या चाकावर उभा राहिलास तरी चाक केसभर सरकत नाही. ग्राइंडर गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे असतोच; हात मात्र हलका हवा. पॅड लवकर झिजतात, आणि किंचाळतात असे की गोठ्यातली म्हैस दावं तोडेल.

पण आपली काळी माती! पावसाळ्यात धुऱ्यावरून दोन उड्या मारल्या की रिमवर लोंदा बसतो, पकड गायब. चाक आउट झालं तरी पॅड घासतो. डिस्कला हे दोन्ही त्रास कमी. तिचा रोटर, म्हणजे ती चकती, दगडावर आपटला तर वाकतो, पॅडला चेनचं तेल लागलं तर ब्रेक बाद.

चिखलदऱ्याच्या कोरड्या खडकांवर सराव असेल तर रिम. बारा महिने शेतातच खेळायचं तर डिस्क. आधी फ्रेम बघ बाबा: मागे डिस्कचं माउंट नसून नुसते रिम ब्रेकचे चार बोल्ट असतील, तर विषयच संपला.