बायकांच्या मताधिकारावरचा फोर्टमधला हेरिटेज वॉक: जरूर करा

आपल्याकडे सर्रास म्हणतात की बाकीच्या देशांत बायका मतासाठी भांडल्या, आपल्याला मात्र स्वातंत्र्याबरोबर आयतं मिळालं. असं ज्यांना वाटतं त्यांनी रविवार सकाळचा हा वॉक कराच. हायकोर्टापासून सुरू होतो आणि बीएमसीच्या बिल्डिंगसमोर संपतो.

हायकोर्टासमोरचा भाग सगळ्यात भारी. हेराबाई टाटा १९११ मध्ये काश्मीरला फिरायला गेलेल्या, तिथे सोफिया दुलीप सिंग भेटली, म्हणजे पंजाबच्या राजघराण्यातली पण लंडनमध्ये मताधिकारासाठी रस्त्यावर उतरलेली, तिने बायकांच्या मताचा बॅज लावला होता, त्यावरून बोलणं निघालं आणि हेराबाई या कामालाच लागल्या. मत कोणाला द्यायचं हे ठरवायला इंग्रज सरकारने नेमलेल्या साउथबरो कमिटीने बायकांना मत नाकारलं तेव्हा १९१९ ला त्या लेकीला, मिठनला घेऊन थेट लंडनला, पार्लमेंटच्या कमिटीपुढे बाजू मांडायला! तिथे निर्णय प्रांतांवर ढकलला गेला, पण १९२१ मध्ये मद्रासपाठोपाठ आपल्या मुंबई प्रांतानेही मत दिलं. हीच मिठन पुढे या हायकोर्टातली पहिली महिला बॅरिस्टर झाली. अंगावर काटा आला ऐकताना.

पण हे मत मालमत्ता, टॅक्स, घरभाडं यावर होतं. ते समजावायला गाइडने सगळ्यांना चिठ्ठ्या वाटल्या, माझ्यावर लिहिलेलं 'गिरणीत वाइंडिंग खात्यात, लालबागच्या चाळीत खोली, भाडेपावती नवऱ्याच्या नावावर'. कोणाकोणाला मत आहे, हात वर करा म्हटलं तर इन मिन दोन हात वर. एवढं पटकन पुस्तक वाचून नसतं कळलं.

१९५१-५२ च्या निवडणुकीचंही छान सांगितलं, स्वतःचं नाव न सांगता 'अमक्याची बायको, तमक्याची आई' एवढंच सांगणाऱ्या जवळपास २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली.

खटकलं ते हे की आंबेडकर एका वाक्यात उरकले. सायमन कमिशनपुढे १९२८ मध्येच त्यांनी सरसकट सगळ्या प्रौढांना मत मागितलं होतं, बायकांसकट, आणि माझ्या चिठ्ठीतल्या बाईला मत मिळायचा रस्ता तोच होता ना, मग तिथे निवांत थांबायला हवं होतं. शिवाय माइक नाही, बसच्या आवाजात मागच्यांना अर्धं ऐकू येत नाही, त्यामुळे पुढेच उभे राहा. आणि सध्या फक्त इंग्रजी बॅच आहे, मराठी सुरू केली तर आमच्या बचत गटातल्या सगळ्याजणींना घेऊन येते.