कामाठीपुऱ्यातलं ‘प्रेरणा’चं नाईट केअर सेंटर: एका शिक्षिकेचा अभिप्राय

महापालिकेच्या शाळेत मी शिकवायचे. शाळा कामाठीपुऱ्याला, मुंबईतल्या जुन्या वेश्यावस्तीला, लागूनच, त्यामुळे तिथल्या गल्ल्यांमधली मुलं दरवर्षी माझ्या वर्गात असायची. ‘प्रेरणा’ संस्थेच्या रात्रीच्या पाळणाघराची पारख मी एकाच गोष्टीवरून करते: तिथून आलेलं मूल वर्गात कसं बसतं.

ते जागं असतं.

ज्यांना हे थोडं वाटेल, त्यांनी तिथली खोली डोळ्यांपुढे आणावी. आईचं काम रात्री सुरू होतं. मग लेकराला पलंगाखाली झोपवा, नाहीतर गल्लीत सोडा. अशी मुलं सकाळी प्रार्थनेलाच पेंगायची. कुणी मागून खांद्याला हात लावला की दोन्ही हातांनी डोकं झाकून घ्यायची. एक मुलगा रोज अर्धी खिचडी डब्यात भरून ठेवायचा, रात्रीसाठी. अशा मुलाला बाराखडीच्या आधी निर्धास्त झोप हवी असते. सेंटर ती देतं. संध्याकाळी आई मुलाला आणून सोडते. जेवण, अभ्यास, स्वतःचं अंथरूण, आणि सकाळी मूल शाळेला तयार. गृहपाठ झालेला असे. चुकलेला असला तरी झालेला असे, आणि माझ्या दृष्टीने ते फार मोठं होतं.

संस्था १९८६ ची, आणि कामाठीपुऱ्यातलं हे केंद्र १९८८ पासूनचं. संस्थापक प्रीती पाटकर यांना तिथे एकाच घरातल्या तीन पिढ्यांच्या बायका धंद्यासाठी उभ्या दिसल्या, आणि त्यातून हे काम सुरू झालं. आई अनेकदा फसवून विकली गेलेली असते. मुलगी जरा अंगाने भरली की घरवालीचा (कुंटणखाना चालवणाऱ्या बाईचा) आणि दलालाचा डोळा तिच्यावर जातो, तिला बाहेरून पळवून आणायचीही गरज नसते. म्हणून मुलीला रात्री सुरक्षित अंथरूण मिळणं म्हणजेच मानवी तस्करी रोखणं, असं मी मानते.

मला सर्वांत पटलेली गोष्ट म्हणजे इथे आईला बाजूला सारत नाहीत. मूल रात्री सेंटरमध्ये, पण ते आईचंच. आई या व्यवसायात आहे एवढ्याच कारणावरून मुलाला तिच्यापासून तोडू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितलं. इथे ते कितीतरी आधीपासून चालत आलं आहे.

शाळाप्रवेशाला आईसोबत कुणीतरी आलेलं असलं की किती फरक पडतो, तेही मी पाहिलं आहे. एका शाळेत (नाव घेत नाही) कारकुनाने चार लोकांसमोर मोठ्याने विचारलं, “बापाचं नाव काय लिहू?” ती बाई अर्ज तिथेच टाकून निघून गेली. जन्मदाखला नाही म्हणून शिक्षण हक्क कायद्याखाली प्रवेश अडवता येत नाही, आणि वयाने मोठ्या मुलालाही त्याच्या वयाच्या वर्गात बसवावं लागतं. हे त्या आईला कोण सांगणार? तिच्या बाजूने बोलणारं माणूस तिथे लागतं.

उणीव आहे ती संख्येची. अशी केंद्रं कामाठीपुरा, फॉकलंड रोड आणि तुर्भे इथे आहेत. पण जुन्या चाळी रिकाम्या होत चालल्या आहेत आणि बायका दूरच्या उपनगरांत पांगल्या आहेत. वस्ती हलली की मुलाचं अंथरूण आणि शाळा दोन्ही एकदमच सुटतात. भिवंडीच्या हनुमान टेकडीसारख्या प्रत्येक वस्तीच्या जवळ रात्रीची अशी सोय हवी, आणि तिचा भार एकट्या संस्थांवर न टाकता सरकारने उचलायला हवा.

मदत करायची असेल तर जरूर करा, पण वाढदिवसाचा केक घेऊन फोटो काढायला जाऊ नका. शिकवायला जाणार असाल तर वर्षभर जा. या मुलांना आधीच पुष्कळ माणसं अर्ध्यात सोडून गेलेली असतात. तुमच्या आसपास एखादं मूल धोक्यात दिसलं तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा.

आणि माझ्या शिक्षक मित्रमैत्रिणींनो, पालकसभा सकाळी आठला ठेवू नका. त्या वेळी या आया नुकत्याच झोपलेल्या असतात. आम्ही ती दुपारी तीनला ठेवायला लागलो, तर पहिल्या बाकावर त्याच येऊन बसल्या.