मायकोरायझाच्या बायबॅकमध्ये आमचे ९१,९०० रुपये गेले

काल रात्री कणकवलीहून मामेभावाचा फोन. "ताई, मायकोरायझाचा बायबॅक करार करतोय, उद्या सही." मायकोरायझा म्हणजे झाडांच्या मुळांवर वाढणारी उपयोगी बुरशी; ती आपण वाढवायची नि कंपनीने परत विकत घ्यायची, हा बायबॅक. करार घेऊन आलेला माणूस तोच, ज्याने आम्हाला बुडवलं. म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितेय.

मदर कल्चर, म्हणजे बुरशीचं विरजण, ४० किलो, ४५० रुपयांनी १८,०००. नोंदणी ११,५००. शेडनेट त्यांच्याच माणसाकडून, ६२,४००. चार महिन्यांनी आमचा माल १२० रुपये किलोने उचलणार होते. पुढे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मलाही होतं. पण मी नुसत्या जाहिरातीला भुलले नव्हते. आपल्या जांभ्या मातीत लोह नि ॲल्युमिनियम स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवतात, ही बुरशी तो कलमांच्या मुळांपर्यंत आणते, हे खरंच आहे. ती जिवंत मुळांवरच वाढते, म्हणून मका लावायचा, नंतर मुळं बारीक करून मातीसकट विकायची, हेही खरं. करारात ‘दर्जा कंपनी ठरवेल’ असं एक वाक्य होतं. ते आधी शोधा.

महिन्याभराने मका पिवळा पडला. तो कंपनीचा माणूस म्हणाला, "वहिनी, डीएपी टाका, मुळं जोरात सुटतील." डीएपी, म्हणजे स्फुरदाचंच खत! आयता स्फुरद मिळाला की झाड या बुरशीला मुळांत फारसा थारा देत नाही. मी हे वाचलेलं होतं. डीएपीची पाटी हातात घेऊन वाफ्यापाशी दोन मिनिटं उभी राहिले, आणि टाकलं. ती दोन मिनिटं अजून झोपू देत नाहीत.

६४० किलो माल ‘बीजाणू कमी’ म्हणून नाकारला. चाचणीचा कागद? नाही. उरलेल्या कल्चरमध्ये मी कुंडीत नाचणी पेरली, खत काही नाही. आठ आठवड्यांनी ओळखीच्या प्राध्यापिकेने मुळं उकळून निळ्या रंगात बुडवली, सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. स्वच्छ मुळं, बुरशीचा एक धागा नाही. पैसे देण्याआधी हीच कुंडी करा.

पोलीस म्हणाले, सही तुमची, दिवाणी दावा लावा. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर म्हणाले, माणूस घरी आला होता ना, मग ठाण्यात जा. कृषी कार्यालयात तीन खेपा, तिन्ही वेळा साहेब दौऱ्यावर. चौथ्यांदा भेटले तर म्हणे हे खत नाही, कल्चर आहे, आमच्यात बसत नाही. जैविक खतं १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात येतात, हे मी त्यांना सांगायचं? अर्जाची पोचसुद्धा मागून घ्यावी लागली. घ्याच, सोडू नका.

भावाला सांगितलंय, सही करू नकोस, त्याला चहाला बसवून ठेव. मी पहिल्या एसटीने निघतेय, करार नि पावत्या पिशवीत आहेत.